न झालेल्या बोगद्याची डागडुजी

मळा, केडगाव, ता. दौंड
४ मार्च २००१

श्रीमती सोजराबाई विहीणबाई यांस,
हौसराव यांचा सप्रेम नमस्कार.

आपण निवृत्त शिक्षिका असल्याने ही बातमी प्रथम आपणांस कळवत आहे. आपले सभापती मा. पोपटराव हे हॉलंड देशी दुग्धव्यवसायाच्या अभ्यास दौऱ्यावर गेले होते. तेथे त्यांनी पाण्याखालून जाणारा रस्ता समक्ष पाहिला. वर जहाज, खाली मोटार! गाईंचे फोटो त्यांनी दोनच आणले, बाकी सगळे बोगद्याचे. परत येताच त्यांनी भर सभेत जाहीर केले की, भीमा नदीखालून असाच भुयारी मार्ग करायचा, शिरूर आणि दौंड तालुके जोडायचे आणि तोच रस्ता पुढे वाढवून कासुर्डीजवळ सोलापूर हायवेला भिडवायचा. मुंबई-पुण्याला एक्सप्रेस वे होतो, मग आम्ही काय कुणाचे घोडे मारले आहे?

कृती समितीचे अध्यक्षपद माझ्याकडे आले आहे. लोकाग्रहापुढे नाही म्हणता आले नाही. आपल्या तीरावरून एक सुशिक्षित महिला सभासद हवी, तर मी आपले नाव सुचवले आहे. लग्नातल्या फेट्याच्या प्रकरणापासून आपण माझ्याशी बोलत नाही, फोनही घेत नाही. पण मी ते मोठ्या मनाने विसरलो आहे.

आपला,
हौसराव
अध्यक्ष, भीमा भुयारी मार्ग व द्रुतगती जोडरस्ता कृती समिती (नियोजित)

ता. क. सूनबाई सविता हिला पाचवा महिना लागला आहे. तब्येत ठीक.

*

नदीवस्ती, न्हावरे, ता. शिरूर
१५ मार्च २००१

हौसराव व्याही यांस,
सोजराबाईचा नमस्कार.

तुमचं पत्र शिरूर, पुणे, दौंड अशी यात्रा करून पोचलं. माझ्या ओट्यावर बसलं की नदीपलीकडे तुमच्या मळ्यातली पाण्याची टाकी दिसते. तिला परवा गुलाबी रंग दिलात, तोही दिसला. फोन घेत नाही, कारण फोनवर तुम्ही एकटेच बोलता. कागदावर निदान माझी पाळी येते.

फेट्याचं म्हणाल, तर सविताच्या मामाला तुम्ही भर मांडवात फेटे संपले म्हणून टॉवेल गुंडाळलात. ते तुम्ही मोठ्या मनाने विसरलात, हे वाचून माझी करमणूक झाली. विसरायचं की नाही ते ज्याच्या डोक्यावर टॉवेल होता त्याने ठरवायचं असतं.

आता तुमचा बोगदा. आपल्या दोन गावांमध्ये एक बंधारा आहे, अध्यक्षांना आठवतो का? त्यावरून माणसं जातात, मोटारसायकली जातात, मेंढरं जातात. सविता लग्न होऊन त्यावरूनच तुमच्या घरी आली. मधोमध स्लॅबला भगदाड पडलंय, खालचं पाणी दिसतं. एका बाजूला कठडा नाही. चार ग्रामसभांत मी घसा फोडला, पण त्या भगदाडावर टाकायला तुम्हाला एक पत्रा मिळाला नाही. आणि निघालात नदीच्या पोटातून रस्ता काढायला. घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा! उन्हाळ्यात भीमा गुडघ्याएवढी असते. तुमच्या बोगद्यावरून कोणतं जहाज जाणार आहे, ते एकदा कळवा.

सभासदत्व नको. मला तुमच्याकडून एकच गोष्ट हवी आहे. सविताला दिवस गेल्याचं तिने मला संक्रांतीलाच सांगितलं होतं, तुम्हाला ते ताज्या कलमात सुचलं. तर तिला सातव्या महिन्यात माझ्याकडे धाडा. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत तुमच्याही घरात पाळतात. मला ती एकच लेक आहे.

सोजराबाई

*

मळा, केडगाव
२२ एप्रिल २००१

श्रीमती विहीणबाई यांस, स. न. वि. वि.

आपल्या पत्रातील भाषा शिक्षकी पेशास शोभणारी नव्हती. असो. विकासाला विरोध सर्वत्र होतच असतो.

बोगद्याचे काम वेगाने पुढे सरकत आहे. मूळ आराखडा एका गाडीपुरता होता, त्यात आम्ही सुधारणा करून दोन गाड्यांचा केला. मग ऊसवाले म्हणाले, बैलगाड्यांचे काय? त्यासाठी तिसरी लेन घेतली. मेंढपाळांच्या वाड्यावरच्या मल्हारने सभेत उठून सांगितले, “आप्पा, मेंढरू काय अंधारात शिरत न्हाई. म्होरचं थांबलं की समदी थांबत्यात. मंग काढा तुमची मोटार मागनं.” सभा हसली, परंतु मी हसलो नाही. मेंढरांसाठी स्वतंत्र लेन व आत कायम उजेड, असा ठराव घेतला. सभापतींनी हॉलंडप्रमाणे पांढऱ्या फरशा सुचवल्या आहेत. मासे दिसावेत म्हणून एका बाजूस काच बसवावी, अशी महिला मंडळाची सूचना विचाराधीन आहे.

जोडरस्त्याची आखणीही झाली. तांत्रिक कारणास्तव तो आमच्या मळ्यावरून वळण घेऊन जाईल. वळणावर आपले जावई चि. पृथ्वीराज यांचे हॉटेल व्हावे, असा लोकांचा आग्रह आहे.

भूमिपूजन सात जूनला आहे. मुंबईचे मोठे पाहुणे येणार. त्या दिवशी नदीची ओटी भरायचा मान आमच्या सूनबाईंना मिळाला आहे. भरल्या पोटाच्या सुवासिनीने ओटी भरली म्हणजे काम निर्विघ्न होते. त्यामुळे सातव्यात धाडता येणार नाही. ओटी झाली की समितीच्या जीपमधून, नव्या रस्त्याने, वाजतगाजत धाडू. अध्यक्षाची सून त्या मोडक्या बंधाऱ्यावरून चालत माहेरी गेली, असे लोकांनी म्हणू नये.

हौसराव
अध्यक्ष, कृती समिती. निमंत्रक, बोगदा सुधारणा उपसमिती

*

नदीवस्ती, न्हावरे
१ मे २००१

हौसराव व्याही यांस,

बोगदा अजून खणला नाही आणि त्याच्या सुधारणेला उपसमिती! बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, एवढंच आजवर ऐकलं होतं. तुम्ही तर त्या तुरीची आमटी नासली म्हणून सभा बोलावलीत. मी तुमचं पत्र शेजारच्या गीताबाईला वाचून दाखवलं. माशांच्या काचेपर्यंत आल्यावर तिला ठसका लागला.

तुमची अक्कल मी लग्नातच जोखली होती. पण माझ्या लेकीला तुम्ही नारळासारखी मिरवायला ठेवाल, असं वाटलं नव्हतं. ती माणूस आहे, तुमच्या मंडपातली समई नाही. पाहुण्यांच्या तारखा मी नोकरीत असताना पुष्कळ पाहिल्या. एका उद्घाटनासाठी आमच्या शाळेतली मुलं तीनदा उन्हात उभी राहिली आणि साहेब आले नाहीत ते नाहीतच. सात जूनचं काही खरं नाही, हे आजच लिहून ठेवते.

आजही बंधारा कोरडा आहे. पृथ्वीराजला सांगा, तिचा हात धरून सावकाश आणून सोड. मी मधल्या भगदाडापाशी घ्यायला येते. तुमच्याकडे याचना करणं मला जड जातं, तरी करते आहे.

सोजराबाई

*

मळा, केडगाव
२५ जून २००१

श्रीमती विहीणबाई यांस,

पाहुण्यांच्या अडचणीमुळे सात जूनचा कार्यक्रम चोवीस जूनला व आता पंधरा जुलैला ठेवला आहे. यात माझा दोष नाही.

आपण विचारले होते की बोगद्यावरून कोणते जहाज जाणार. आपला टोमणा मी समितीपुढे ठेवला, आणि त्यातून एक चांगली गोष्ट निघाली. पाहुणे आले आणि नदीत गुडघाभर पाणी दिसले, तर ते विचारतील, बोगदा हवाच कशाला? तेव्हा पात्र भरलेले दिसले पाहिजे. दरवर्षी पावसाच्या तोंडावर बंधाऱ्याचा राखणदार हनुमंता पाणी अडवणारे लोखंडी ढापे काढतो व अडवलेले पाणी सोडून देतो. यंदा मी त्याला ढापे काढू दिलेले नाहीत. तो कुरकुरला, “आप्पा, वरनं पाणी सुटलं तर बंधाऱ्यावरनं जाईल.” त्याला म्हटले, तू पगार घे आणि गप बस. आज नदी काठोकाठ आहे. हॉलंडच वाटते.

जोडरस्त्यासाठी जुना केडगाव रस्ता उकरून ठेवला आहे. पाहुण्यांना काम सुरू असल्याचे दिसावे लागते.

सूनबाई आनंदात आहेत.

हौसराव

*

मळा, केडगाव
९ जुलै २००१

प्रिय आईस,
सविताचा नमस्कार.

तू काळजी करू नकोस, मी बरी आहे. पायांना थोडी सूज आहे एवढंच. शेजारच्या धुरपदाकाकू म्हणतात, पहिलटकरणीला येतेच.

आई, आप्पा वाईट नाहीत. ते रोज दुधाचा पेला स्वतः आणून देतात. पण त्यांच्या डोक्यात तो बोगदा बसला आहे. माझ्यासाठी हिरवं पातळ आणलंय, रोज विचारतात, नेसून बघितलं का. हे त्यांना काही बोलत नाहीत. परवा मी म्हटलं, मला आईकडे सोडा, तर हे म्हणाले, “सवे, आप्पाचं नाक जाईल. आठच दिस कळ काढ.” आता नववा लागलाय आई. मला रात्री तुझ्या ओट्यावरचा दिवा दिसतो. मग झोप लागत नाही.

गेल्या शनिवारपासून नदीच्या वरच्या अंगाला पाऊस आहे. आज सकाळी बंधारा दिसला नाही. आधी वाटलं धुकं आहे. मग कळलं की तो पाण्याखाली गेलाय. हनुमंताभाऊ काठावर डोकं धरून बसले होते. ढापे आता निघत नाहीत म्हणाले. केडगावचा रस्ता उकरलाय, त्यात टेंपो रुतून बसलाय. म्हणजे आता कुठूनच जाता येत नाही.

तुझी आठवण येते. लोणच्याची पण येते.

तुझी,
सविता

*

केडगाव मळा, तुमच्याच घराचं माजघर
१४ जुलै २००१

हौसराव व्याही यांस,

तुम्ही पडवीत बसला आहात आणि मी माजघरात. मधे एक भिंत आहे. तरीही पत्रच लिहिते, कारण तोंड उघडलं तर जे निघेल ते लेकीच्या सासरी शोभणार नाही.

मी कशी आले ते ऐका. न्हावऱ्याहून शिरूर, शिरूरहून पुणे, पुण्याहून गाडीने केडगाव स्टेशन, तिथून तुमच्या द्रुतगती मार्गावरून पायी. एक चप्पल चिखलात गेली. तुमच्या एक्सप्रेस वेवर बैलसुद्धा पाय टाकायला तयार नव्हता. वाटेत तुमची कमान पाहिली. बोगद्याचा पत्ता नाही, पण त्याच्या नावाचा लोखंडी बोर्ड भिंतीएवढा आहे. त्यावर सर्वांत मोठं अक्षर तुमच्या नावाचं.

तुमच्या मंडळींनी पाण्याचा तांब्या पुढे केला, तो मी परत केला. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, असं माझ्या आईने मला सांगितलं आणि मी ते पाळते. धुरपदाबाईंच्या घरी माझी सोय झाली आहे. दिवसभर मी इथे बसेन आणि तहान लागली की उठून शेजारी जाईन. गावाने काय समजायचं ते समजू द्या.

सविताचे पाय पाहिलेत? पाहिले नसाल. पाय बोर्डावर नाहीत.

सोजराबाई

*

(त्याच कागदाच्या मागे)

विहीणबाई, आपण आलात, आनंद आहे. कार्यक्रम २९ जुलैला निश्चित. मी स्वतः मुंबईस जाऊन पाहुण्यांना घेऊन येतो. तोवर सबुरी धरावी. — हौसराव

*

केडगाव, दवाखाना
३० जुलै २००१

हौसराव,

व्याही लिहिण्याइतकी माया आज नाही. तुम्ही मुंबईत पाहुण्यांच्या दारात बसून होता, म्हणून काय घडलं ते कळवते.

परवा पहाटे सविताच्या पोटात कळा सुरू झाल्या. बंधाऱ्यावरून पुरुषभर पाणी. पृथ्वीराजने ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली, गाद्या टाकल्या, कुशाबाई सुईणीला घेतलं आणि आम्ही केडगावला निघालो. तुमच्या कमानीपाशी, जिथे भूमिपूजनाचा खड्डा आहे ना, तिथे ट्रॉलीचं चाक गेलं. ट्रॅक्टर जितका ओढी तितकी ट्रॉली खाली बसे. वर पाऊस. पृथ्वीराजने तुमच्या मंडपाचं कापड फाडून ट्रॉलीवर धरलं. तुमची नात त्या कापडाखाली झाली. होय, नात. तुमच्या बोर्डाखाली, तुमच्या खड्ड्यात.

मूल रडलं, पण सविताचं रक्त थांबेना. कुशाबाई मला हळूच म्हणाली, “बाई, हे माझ्या हातात न्हाई आता.” तेव्हा मी काय केलं असेल? नदीला नवस? नाही. मी तुम्हाला शिव्या दिल्या. आयुष्यात पहिल्यांदा तोंडाने, मोठ्याने. तिकडून मल्हार आणि वाड्यावरची माणसं धावत आली, त्यांनी खांदे लावून ट्रॉली उचलली. दवाखान्यात रक्ताच्या दोन बाटल्या लागल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी थोडा उशीर झाला असता तर आणायची गरज नव्हती.

ती जगली आहे. अजून बोलत नाही, नुसती बघते.

मूल झाल्यावर माझा घसा सुकला होता. ट्रॉलीत तुमच्या घरची कळशी होती. त्यातलं पाणी मी प्यायले. रीत संपली. आता तुमच्या-माझ्यात पाळण्यासारखं काही उरलं नाही.

तुमचे पाहुणे आले का?

सोजराबाई

*

मळा
६ ऑगस्ट

विहीनबाई,

समितीचा कागद वापरला न्हाई. पोरीच्या वहीचा हाय, शेजारच्या.

पाव्हणं आलं न्हाईत. दोन दिस त्यांच्या दारात बसलो, चपराशानं च्यासुद्धा इचारला न्हाई. घरी आलो तर पृथ्वीराज माझ्याशी बोलना. त्यानं तुमचं पत्र माझ्यापुढं टाकलं आन् भायेर गेला. मी ते वाचलं. दवाखान्याच्या दारापतुर दोनदा आलतो. आत याया धीर झाला न्हाई. खिडकीतनं सूनबाईचा हात दिसला, बाटली लावल्याला. तिथनंच मागं फिरलो.

मी चुकलो. तुमी लई दिस वाट बघितली असंल ह्या वाक्याची, म्हून पयलं तेच लिवायचं हुतं, पर हात वळंना.

काल पाणी उतरलं तवा हनुमंतासंगं नदीत उतरलो. ढापं काढलं. हनुमंता म्हनला, “आप्पा, तुमी ऱ्हावा वर.” न्हाई राह्यलो. कंबरंला दोर बांधला हुता. शेवटचा ढापा निघाला तवा पाणी असं सुटलं की मला रडू आलं. त्यानं बघितलं आन् दोर गुंडाळाया लागला.

सभापतीला फोन केला, म्हनलं, रस्ता तरी बुजवा. तो म्हनतोय बोगदा आता जुना झाला. दुसऱ्या कंच्या तरी देशात नदीवरनं तारंवर पाळणं चालत्यात, ते बघाया चाललाय. मला म्हनला, पाळणा समितीचं अध्यक्ष व्हता का? मी फोन ठिवला.

सूनबाई बोलाया लागली का, तेवढं कळवा.

हौसराव

*

नदीवस्ती, न्हावरे
२१ ऑक्टोबर २००१

हौसराव व्याही यांस,
सोजराबाईचा नमस्कार.

सविता आणि नात सुखरूप पोचल्या. बाळंतपण माहेरी झालं नाही ते नाहीच. ते मी तुम्हाला माफ केलेलं नाही आणि करणारही नाही, उगीच आशेवर राहू नका. पण तीन महिने तिचं न्हाणं-माखणं, शेक-शेगडी तुमच्या मंडळींनी केली, त्यात कुठे कमी नव्हतं हे सविता सांगते. सविता आता पुष्कळ बोलते. काल माझं लोणचं खारट झालंय म्हणाली. माझ्या कानांना ते गोड लागलं.

सामानात एक फेटा निघाला. सविताच्या मामाला दिला. रंग भडक आहे, तुमच्या टाकीसारखाच. तरी त्याने तो बांधला आणि संध्याकाळपर्यंत काढला नाही.

आता बंधाऱ्याचं. आम्ही त्यावरूनच आलो; पृथ्वीराजने सविताचा हात धरला होता आणि मूल माझ्याकडे होतं. कठडा झालेला पाहिला. पाइप तुमच्या कमानीचे आहेत, हे ओळखायला अक्कल लागत नाही, अजून त्यांना झिरमिळ्या चिकटल्या आहेत. भगदाडावर तुमचा बोर्ड टाकलात, तेही बरं केलंत. पण टाकताना तो पालथा टाकायचा असतो. तुम्ही अक्षरं वर ठेवलीत. ‘भीमा भुयारी मार्ग’ तेवढं कुणाच्या तरी टायरने पुसलंय, बाकी सगळं शाबूत आहे. नेमकं तुमचं नाव भगदाडावर आलं आहे. त्याच्यावर पाय दिल्याशिवाय पलीकडे येता येत नाही.

खोटं कशाला सांगू, कुणी मला वर्षापूर्वी हे सांगितलं असतं तर मी मुद्दाम दिवसातून चारदा त्या बोर्डावरून गेले असते. तुमच्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. तुम्हाला अक्कल उशिरा येते आणि येते तीही दुसऱ्याच्या जिवावर.

पण पोर कडेवर होती, खाली पाणी खळाळत होतं आणि पत्रा जरासुद्धा हलला नाही. तेव्हा तुमच्या नावापाशी आल्यावर मी चपला काढून हातात घेतल्या. का, ते विचारू नका.

सोजराबाई